लाल काचेतला डोंगर

भाड्याच्या खोल्या बघून बघून घरमालकांचे प्रश्न मला पाठ झाले होते. जात आडून विचारायची, मासे-मटण उघड विचारायचं आणि पाहुणे किती येतात हे हसत हसत विचारायचं, असा साधारण क्रम असे. डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका दुमजली घराची वरची खोली रिकामी आहे असं कळलं, म्हणून मी आणि नवरा तिथे गेलो. शहाऐंशी साल असेल. मालक ओट्यावर बसून गंजिफ्रॉकच्या टोकानं एक लाल काच पुसत होते. मान वर न करता त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"फ्रिज आहे का?"

होता. माझ्या भावानं लग्नात दिलेला. पण नवऱ्याला वाटलं, ही विजेच्या बिलाची चौकशी दिसते. तो घाईघाईनं म्हणाला, "आहे, पण आम्ही फारसा लावत नाही हो."

"मग नाही जमायचं," मालक म्हणाले. "चोवीस तास चालू असणारा पाहिजे."

शेवटी मीच मध्ये पडून शब्द दिला, तेव्हा खोली मिळाली. अट एकच. फ्रिजच्या वरच्या कप्प्यातला डावीकडचा मागचा कोपरा त्यांचा. म्हणजे आम्ही त्यांच्या घरात भाडेकरू आणि ते आमच्या फ्रिजमध्ये. तो कोपरा पुढे वर्षभर रिकामाच राहिला. एकदा मी तिथे दोन लिंबं ठेवली, तर आठवड्याच्या तपासणीला आलेल्या मालकांनी ती उचलून माझ्या हातावर ठेवली आणि "अतिक्रमण" एवढंच बोलून ते खाली गेले.

माणूस पन्नाशी उलटलेला, सावळा, काटक, कायम पांढऱ्या कपड्यांत. मूळचे आगरी, तिथल्याच गावातले. वाडवडिलांची भातशेती कारखान्यांच्या वसाहतीत गेली आणि त्यातून हे घर उभं राहिलं. स्वतः मालक शेतात फारसे राबलेच नाहीत. मुंबईत एका छापखान्याच्या कॅमेरा खात्यात ते अठ्ठावीस वर्षं होते. तिथे खोलीएवढा कॅमेरा असे म्हणे, आणि त्यातून छपाईसाठी निगेटिव्ह काढायच्या. उभा जन्म पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं होताना बघण्यात गेला. छापखान्यात रंगीत छपाईची नवी यंत्रं आली, तसे हे राजीनामा देऊन घरी येऊन बसले.

"रंग लबाड असतात, बाई," ते मला सांगायचे. मी शाळेत शिकवायचे, म्हणून मी त्यांची 'बाई'. "डोळ्याला लाच देतात. काळं-पांढरं समोर आलं की माणूस गुमान आकार बघतो."

लग्न झालेल्या मुलीनं आग्रहानं त्यांना रंगीत टीव्ही घेऊन दिला होता. त्यांनी रंगाचं बटण शून्यावर फिरवलं आणि ते कोणी हलवू नये म्हणून वर चिकटपट्टी लावली. मुलगी माहेरी आली की पट्टी निघायची, गेली की परत लागायची.

ती लाल काच त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यानं बांधलेली असे, पुरीएवढी. बोलता बोलता ते ती डोळ्याला लावून समोरच्याकडे बघत. भाजीवाल्याला म्हणत, "तुझे टोमॅटो पांढरे आहेत आणि मिरच्या काळ्या." तो बिचारा टोपली उलटीपालटी करून बघायचा. मला ते पहिल्या आठवड्यातच म्हणाले, "निळी साडी तुम्हाला चांगली नाही दिसणार, काळी येते." नवऱ्यानंसुद्धा माझ्या साड्यांकडे इतकं लक्ष कधी दिलं नव्हतं.

त्या काचेनं एकदा चांगलाच गोंधळ केला. आमच्या पहिल्या संक्रांतीला माझ्या सासूबाई आल्या होत्या. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांचा फोटो काढायची मालकांना हौस आली. कॅमेऱ्यात काळं-पांढरं रीळ आणि भिंगापुढे लाल काच, असा थाट. फोटो धुऊन आले ते बघून सासूबाई मटकन खाली बसल्या. पाच सवाष्णी रांगेत उभ्या आणि एकीच्याही कपाळावर कुंकू नाही! लाल काचेतून लाल रंग पांढरा होऊन कातडीत मिसळून जातो, हे मालक आम्हाला पुढे तासभर समजावत होते. सासूबाईंनी तो फोटो पालथा घातला आणि देवापुढे दिवा लावला. मालक वरमले. पण काच सोडणाऱ्यांतले ते नव्हते, त्यांनी तोड काढली. तिथून पुढे कोणाही बाईचा फोटो काढायचा झाला की मालकांची बायको काजळाची डबी घेऊन हजर होई आणि कुंकवावर काजळाचा ठिपका लावी. "काजळ म्हणजे निव्वळ काजळी," मालक म्हणत. "ती कुठल्याही काचेतून काळीच."

मालकांच्या बायकोला आम्ही काकी म्हणायचो. मालकांचा सगळा खटाटोप कशासाठी चालला होता, ते मला काकींमुळे कळलं.

काकींचं माहेर मलंगाच्या डोंगराच्या पायथ्याशी. आमच्या खोलीला लागून गच्ची होती. घर उभं राहिल्यापासून दुपारची भांडी उरकली की काकी त्या गच्चीवर येऊन डोंगराकडे तोंड करून बसायच्या. माहेरी जाऊन आल्यासारखं वाटतं म्हणायच्या. मग हळूहळू कारखान्यांची धुराडी वाढली, वीटभट्ट्या वाढल्या आणि डोंगर पुसट होत होत एक दिवस नाहीसा झाला. नेमक्या त्याच वर्षांत काकींना काचबिंदू निघाला. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर कडेनं आत आत येत जाईल, औषधानं वेग कमी होईल, गेलेली नजर परत येणार नाही. त्यामुळे काकींपुढे एक कोडं पडलं होतं. डोंगर धुरानं खाल्ला की आपल्या डोळ्यांनी?

आम्ही राहायला आलो त्याच दुपारी त्या वर आल्या. माझा हात धरून त्यांनी मला कठड्याशी नेलं.

"बाय, तुना दिसतंय का गो डोंगर?"

समोर राखाडी धुरकं होतं, दुसरं काही नाही. पण म्हातारं माणूस, डोळ्यांचं दुखणं, पहिलाच दिवस. मी म्हटलं, "हो, दिसतो की! छान दिसतो."

काकींनी हात सोडला. "मंग माजेच डोले गेले," असं म्हणून त्या कठडा चाचपत खाली गेल्या.

दहा मिनिटांत मालक वर. इतका संतापलेला माणूस मी तोवर जवळून पाहिला नव्हता.

"दिसतो म्हणालात?"

"त्यांना बरं वाटावं म्हणून..."

"शाळेत हेच शिकवता का, बाई? दिसतं ते सांगावं. बरं वाटेल ते नाही." मग जिन्याच्या तोंडाशी थांबून म्हणाले, "दूधवाला दिसतो म्हणाला, भटजी दिसतो म्हणाले, पोटची पोरगी दिसतो म्हणाली. सगळ्यांनी मिळून तिचे डोळे काढलेत. मी एकटा नाही म्हणतो, तर मीच तिला खोटा वाटतो."

दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगायला हवं होतं. पण काल छान दिसतो म्हटलेला डोंगर आज दिसत नाही कसं म्हणायचं? मी गच्चीवर कपडे वाळत घालायच्या वेळा बदलल्या.

माणसं अशी, म्हणून मालकांनी कॅमेऱ्याची साक्ष काढायचं ठरवलं होतं. लालच्या पलीकडे आणखी एक उजेड असतो, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. इन्फ्रारेड. तो धुरक्यातून बराचसा आरपार येतो आणि तो पकडणारी खास काळी-पांढरी रिळं परदेशात मिळतात. त्यात झाडं पांढरी येतात, आभाळ काळं येतं आणि लांबचे डोंगर जवळ आल्यासारखे स्पष्ट. असा फोटो काढून, त्याची मोठी प्रत करून काकींपुढे धरायची. बघ, डोंगर जागेवर आहे, तुझे डोळे नाही, हवा बिघडलीय. काकींची नजर मिटायच्या आत हे व्हायला हवं होतं.

रीळ थंडीत ठेवावं लागतं, म्हणून फ्रिजवाला भाडेकरू. आणि रीळ मिळण्याआधी कॅमेऱ्याची बॉडी, म्हणजे भिंग सोडून उरलेला कॅमेरा, ठरायला हवी, कारण हा उजेड मोठा चोरटा. साध्या रिळाला चालणारी बॉडी त्याला चालत नाही, कुठल्या फटीतून आत शिरेल सांगता येत नाही. या बॉडीच्या शोधात मालकांची तीन वर्षं गेली होती, आमच्या देखत आणखी एक गेलं.

दर शनिवारी ते फोर्टातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत जायचे. पिशवीत एक बोटभर लांबीची बॅटरी आणि एक गोधडी. गोधडी काकींनी खास शिवलेली, आतून काळ्या कापडाची. दुकानात गेल्यावर ते बॉडी मागून घेत, उघडत, पेटती बॅटरी आत ठेवून झाकण लावत आणि तिथेच काउंटरशी स्टुलावर बसून डोक्यावरून गोधडी घेत. आत काळोखात ते बॉडी फिरवून फिरवून बघत, कुठून किरण बाहेर येतो का. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबलेली. एका दुकानदारानं म्हणे सुरुवातीला पोलिसांना बोलवायची धमकी दिली होती. पुढे तोच यांच्यासाठी जुन्या बॉड्या बाजूला काढून ठेवायला लागला.

रविवारी सकाळी आम्हाला निकाल ऐकायला मिळे. मुलगी बघून आलेल्या वरपित्याच्या थाटात मालक ओट्यावर बसत आणि नावं ठेवत. "एक होती. दिसायला चांगली, अंगानं भरलेली, पण मागे खिडकी. आत रीळ कुठलं आहे ते दिसावं म्हणून. खिडकी असली की लोक डोकावणार, उजेड का नाही डोकावणार?" दुसरी प्लॅस्टिकची. "प्लॅस्टिकचा भरवसा नाही. आपल्याला काळं दिसतं, त्या उजेडाला काच वाटतं." तिसऱ्या बॉडीत रीळ सपाट दाबून धरणाऱ्या पट्टीवर बारीक ठिपके होते. त्या ठिपक्यांची छाया फोटोत उतरते म्हणून तीही नापास.

माझा नवरा कारखान्यात मशीनवर काम करणारा, नवीन ते चांगलं मानणारा. त्याच्यानं राहवायचं नाही. "अहो मालक, काय ते जुनंपुराणं धरून बसलात! आता ऑटोमॅटिक आलेत. बटण दाबलं की विषय संपला."

"माझा विषय बटणापाशी सुरू होतो," मालक म्हणाले.

शेवटी एक ठरली. जुनी, सगळी धातूची, हातात घेतली तर खलबत्त्यातल्या बत्त्याएवढी जड. खिडकी नाही, सेलवर चालणारं काही नाही, उजेड आत सोडणारा पडदा धातूचा, मागची पट्टी गुळगुळीत. तिला घरी आणल्यावर मालकांनी आणखी महिनाभर तिची तयारी केली. आतली चकाकणारी प्रत्येक कड बिनचकाकीच्या काळ्या रंगानं रंगवली. झाकणाच्या खाचेत काकींच्या जुन्या स्वेटरची काळी लोकर बसवली. या उजेडाचा फोकस नेहमीच्या उजेडापेक्षा किंचित वेगळ्या अंतरावर लागतो, म्हणून भिंगाच्या कड्यावर सुईनं एक बारीक रेघ ओढली आणि तिच्यात काकींचं कुंकू भरलं. हे सगळं करताना ते गुणगुणत असत. काकी मला म्हणाल्या, "लग्नाच्या येली पन येवढे खुशीत नव्हते."

रीळ दिवाळीच्या सुमारास आलं. मालकांच्या छापखान्यातल्या जुन्या सोबत्याचा मुलगा बोटीवर होता, त्यानं बर्फाच्या थर्मासातून आणलं. एकच मिळालं. मालकांनी ते काळ्या प्लॅस्टिकच्या डबीतलं रीळ स्टीलच्या डब्यात ठेवलं, डबा आमच्या फ्रिजच्या त्या कोपऱ्यात ठेवला आणि मला बजावलं, "डबी उघडायची नाही, बाई." का, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. रीळ बाहेर ओढलं तर खराब होतं, हे काय कोणाला शिकवायला लागतं?

डिसेंबरात माझी धाकटी बहीण कल्याणहून दोन दिवस राहायला आली. मालकांच्या गमती मी तिला रंगवून सांगितल्या. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, ते फ्रिजमधलं रत्न तरी दाखव. मलाही चेव चढला. मी डबा काढला, डबी उघडली आणि खिडकीच्या उन्हात ते रीळ तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं फिरवून फिरवून बघितलं.

"हे तर आपल्या साध्या रिळासारखंच आहे गं," ती म्हणाली. मी ते परत डबीत घातलं आणि डबा जागेवर ठेवला. एवढंच.

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी उत्तरेचा वारा सुटला. मालक सकाळपासून आभाळाकडे बघत होते. तीनच्या सुमाराला, सूर्य पाठीशी आल्यावर, त्यांनी गच्चीवर तिपाई लावली. डोळ्यांना तेव्हाही डोंगर दिसत नव्हताच. नुसत्या अंदाजानं कॅमेरा त्या दिशेला लावून त्यांनी डोंगराचे बारा फोटो काढले, एकेक करून, मध्ये श्वास रोखून. मग उरलेलं रीळ काकींवर. काकी कपाळाला काजळ लावून कठड्याशी बसल्या होत्या. "मी कशाला? डोंगर काडा," म्हणत होत्या, पण पदर सारखा करून घेत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले, तर मालक खालच्या खिडकीशी ओली निगेटिव्ह उजेडावर धरून उभे होते. रिळाची सुरुवात काळी ठिक्कर पडली होती. पुढे ती हळूहळू निवळत गेली होती आणि डोंगर संपल्यावर काकी सुरू झाल्या, त्या मात्र लख्ख आल्या होत्या. डोंगराचा एकही फोटो वाचला नव्हता.

"फ्रिज मध्ये कधी बंद पडला होता?" त्यांनी विचारलं.

"छे हो."

"डबीला कोणी हात लावला?"

"एकदा उघडली होती, बहीण आली होती तेव्हा," मी अगदी सरळपणे म्हणाले. "पण रीळ ओढलं नाही हं बाहेर. नुसतं बघितलं."

मालकांनी गळ्यातली काच काढली आणि गंजिफ्रॉकच्या टोकानं पुसायला घेतली. बराच वेळ पुसत होते.

"मग बॉडीच चुकली," ते म्हणाले.

हेच त्यांनी काकींना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, फोर्टातल्या दुकानदारालाही सांगितलं. बॉडी कपाटावर जाऊन बसली. माझ्या नवऱ्याला तर जोरच चढला. "मी सांगत होतो ना, नवीन घ्या म्हणून? चार वर्षं शोधून शेवटी डबडंच आणलंत!" एरवी बॉडीबद्दल कोणाचा अर्धा शब्द खपवून न घेणारे मालक खाली मान घालून ऐकत राहिले. मला त्यांची कीव आली. मी नवऱ्याला गप्पही केलं, मोठ्या मनानं.

दुसरं रीळ यायला चौदा महिने लागले. तो मुलगा बोटीवर गेला तो लवकर परतलाच नाही. त्या चौदा महिन्यांत काकींची नजर भराभर आवळत आली. ताटातली भाजी दिसायची तर भाकरी दिसायची नाही, भाकरी दिसायची तर भाजी हरवायची. जिन्यावर त्या दोनदा पडल्या.

रीळ आलं त्या दिवशी मालक नेहमीसारखे वर आले आणि डबा फ्रिजच्या त्याच कोपऱ्यात ठेवला. ना त्याला कुलूप, ना दोरा, ना चिकटपट्टी. फ्रिजचं दार लावताना, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "हे रीळ वेगळं असतं, बाई. आपल्या साध्या रिळाच्या तोंडाला मखमल असते ना, उजेड अडवायला, ती याला पुरत नाही. डबीबाहेर काढलं की त्या तोंडातूनच उजेड आत झिरपतो, सुरुवातीच्या फोटोंवर. पुऱ्या काळोखातच उघडायचं असतं. मागच्या वेळी मी नीट सांगायला पाहिजे होतं."

माझ्या हातात पोळपाट होता, तो मी खाली ठेवला. ते सावकाश जिना उतरले. मी मागोमाग गेले तर ते स्टुलावर चढून कपाटावरून तीच जुनी बॉडी खाली काढत होते.

"पण ही तर चुकली होती ना?" मी विचारलं.

"आता सुधारली असेल," मालक म्हणाले आणि तिच्यावरची धूळ फुंकायला लागले.

रागावले असते, घर सोडा म्हणाले असते, तर मला रडता तरी आलं असतं.

या वेळी डोंगर आला. मालकांनी न्हाणीघराची डार्करूम केली होती, तिथून बाहेर पडले ते कॅलेंडरएवढा ओला कागद दोन्ही हातांत धरून. मी आयुष्यात तसं काही पाहिलं नव्हतं. आभाळ काळंभोर, झाडं पांढरीशुभ्र आणि त्यांच्या मागे मलंगाचा सगळा डोंगर. सुळके, खाचा, कडे, सगळं हाताच्या रेषांसारखं स्पष्ट.

काकींपुढे धरला, तर त्यांच्या नजरेच्या भोकात त्यातला वीतभर तुकडा मावेना. त्या मान फिरवत राहिल्या, एक सुळका, मग झाडं, मग नुसतं आभाळ. "तुकडं नको मना," त्या रडकुंडीला आल्या. "पुरा डोंगर पायजे." मालक परत आत गेले आणि पोस्टकार्डाएवढा फोटो करून आले. तोही मावेना. असं करता करता शेवटी आगपेटीएवढा केला. एवढी वर्षं मोठ्या फोटोची स्वप्नं पाहिलेला माणूस त्या एवढ्याशा कागदावर डोंगर बसवत होता. चौदा महिन्यांपूर्वी तो पोस्टकार्डात दिसला असता, कदाचित कॅलेंडरातही. हे तिथे दोघांनाच ठाऊक होतं आणि त्यातला एक जण ते कधीच बोलून दाखवणार नव्हता.

आगपेटी मात्र मावली. काकींनी फोटो नाकाशी धरला आणि त्यांचा चेहरा उजळला. सुळक्यांची नावं घेत घेत त्या पायथ्याशी आल्या. "हितं आमचा गाव." मग थांबल्या. "झाडं अशी का? मीठ पडलंय का त्यांवर? नि आभाल कालं, रातचं हाय का?"

मालक उत्साहानं समजावायला लागले, पण काकी मान हलवत होत्या. "जुना फोटू हाय ना यो? धूर नव्हता तवाचा? पेटीतला काडून आनला." त्यांनी मालकांचा हात थोपटला. "असू द्या. मना बरं वाटावं म्हनून केलात. सगली तसंच करतान."

मालकांनी निगेटिव्ह दाखवली, शपथ घेतली, शेवटी चिडलेसुद्धा. काकी हसून म्हणत राहिल्या, "बरं, बरं. तुमी म्हनता ना."

ते बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसले. मी दोन पायऱ्या वर उभी होते. "रंग लबाड म्हणत होतो," ते म्हणाले. "आता माझं काळं-पांढरंही लबाडीत जमा झालं."

आत जाऊन काकींना सांगायला तेवढीच वेळ होती, की मला त्या दिवशीही डोंगर दिसत नव्हता, मी खोटं बोलले होते. पण तो धागा ओढला असता तर मागून रिळाची गोष्टही निघाली असती, आणि ती काढायची माझ्यात हिंमत नव्हती. मी वर गेले आणि कुकर लावला. पुढच्याच वर्षी नवऱ्याला ठाण्याला नोकरी मिळाली आणि आम्ही ती खोली सोडली. निघताना मालक फ्रिजकडे बघून म्हणाले, "याला सांभाळा."

मालक गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं, पंच्याण्णवच्या आसपास. मी एकटीच भेटायला गेले. काकींना आता काहीच दिसत नव्हतं. मुलगी घरात होती, टीव्हीवर भडक रंग चालू होते. मी आवाज दिल्याबरोबर काकींनी ओळखलं. त्यांच्या कपाळावर कुंकवाच्या जागी काजळाचा ठिपका होता. मी काही न विचारता त्याच म्हणाल्या, "कुकू लोकांनी पुसलं. यो मी पुसू दिला नाय. फोटूत हाच येतं म्हनायचे ते."

मग म्हणाल्या, "मना वर ने."

मी त्यांना धरून गच्चीवर नेलं. कठडा हाताला लागल्यावर त्यांनी तोंड बरोबर डोंगराच्या दिशेला वळवलं आणि तोच जुना प्रश्न विचारला.

"दिसतंय का गो डोंगर?"

समोर सहा मजल्यांची इमारत उभी राहिली होती.

"नाही दिसत, काकी," मी म्हटलं. "मला तेव्हाही दिसत नव्हता. पहिल्या दिवशी दिसतो म्हणाले, ते खोटं होतं. नुसता धूर होता. तुमच्या डोळ्यांना डोंगर दिसायचा थांबला, तेव्हा तो कोणालाच दिसत नव्हता." आणि तोंड उघडलंच होतं, म्हणून पुढचंही सांगितलं. बहीण, डबी, खिडकीतलं ऊन आणि कधीही न चुकलेली बॉडी. सांगताना मी रडत होते, पण थांबले नाही.

काकींनी कनवटीची पिशवी सोडली आणि चाचपत आगपेटीएवढा फोटो बाहेर काढला. कोपरे झिजून गोल झाले होते.

"मंग यो खरा हाय," त्या म्हणाल्या.

"खरा आहे, काकी."

"डबीचं जाऊ दे. ते त्यांनी तुना माफ केलं व्हतं, मी कोन?" त्यांनी फोटोवरून अंगठा फिरवला. "पन यो खरा हाय हे तू तवा बोलायला पायजे व्हतं गो. मी त्यांना शेवटपरत म्हनत राह्यले, बरं बरं, तुमी म्हनता ना."

त्यांनी फोटो माझ्या हातात देऊन विचारलं, वरची बाजू कुठली. मी तो सरळ करून त्यांच्या बोटांत दिला. मग त्या इमारतीकडे तोंड करून, फोटो पुढे धरून, बसून राहिल्या.